बावन्न घरांचा डाव

बाईमाणूस पत्ते खेळतं म्हटलं की बोरटेकात लोकांचे कान टवकारायचे. गड्यांनी चावडीच्या ओट्यावर दिवसदिवस पत्ते कुटले, बिड्या फुंकल्या, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी तो विरंगुळा. आणि दारोदार बांगड्या भरणाऱ्या मेहताबनं दुपारची भाकर खाऊन, भांडी घासून, आपल्याच ओसरीवर आपलेच पत्ते मांडले की लगेच, ‘मनियारीन जुगार खेळती!’ आता एकटं माणूस जुगार खेळणार तरी कुणाशी, एवढं विचारायची अक्कल कुणाला नव्हती. मेहताबही कुणाला समजावत बसत नसे. तिला तेवढा वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती.

डाव मुळात तिचा नव्हताच. तो तिच्या सासूचा, बद्रुन्निसाचा. बद्रुन्निसाची आई भिंगारच्या कॅम्पात बांगड्या घेऊन जायची. तिथल्या एका मडमेला रंगीत बांगड्या फार आवडल्या, आणि खुशीत येऊन तिनं पत्त्यांचा एक कॅट म्हातारीच्या ओटीत टाकला. गोऱ्या लोकांचे पत्ते ते, गुळगुळीत, काठाला सोनेरी. म्हातारीला त्यातलं ओ की ठो कळेना, आणि टाकून द्यायलाही जीव होईना. लेकीच्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर तिनं तो कॅटही दिला, आणि असे ते कॅम्पातले राजे-राण्या नेवाशापासून तीन कोसांवरच्या बोरटेकात येऊन पडले.

बद्रुन्निसाला अक्षर फुटलं नव्हतं, पण डोकं भलतं चालायचं. तिची बांगड्या भरायची गावं चार, पत्त्यांचे रंगही चार. मग बोरटेक झालं बदाम, नदीपलीकडचं गाव इस्पिक, टेकाडावरचं चौकट आणि नेवाशाच्या वाटेवरचं किलवर. एकेका गावात नेमानं बांगड्या भरणारी घरं कुठं अकरा होती, कुठं पंधरा. बद्रुन्निसानं ओढूनताणून सगळीकडं तेराचा मेळ बसवला. भांडून वेगळ्या झालेल्या दोन जावा तिच्या डावात शेवटपर्यंत एकाच पत्त्यात नांदल्या. कुणी एक्का, कुणी नव्वी, कुणी गुलाम. प्रत्येक घराला एक पान.

खेळायची रीत अशी. कॅट पिसायचा, पालथा धरायचा आणि एकेक पान उलटायचं. पान आलं की त्या घराचं नाव घ्यायचं, आणि त्या घरानं आपल्याला काय दिलं ते मोठ्यानं बोलायचं. मनात म्हटलेलं चालत नाही. काल सांगितलेलं आज चालत नाही. आणि त्या घरानं काय दिलं नाही, ते तर अजिबातच बोलायचं नाही. बोलता आलं की पान आपल्या गावाच्या ओळीत जायचं. नाही आलं तर डाव्या मांडीखाली. बावन्नच्या बावन्न ओळीत लागली की डाव लागला. तेव्हा पत्ते कपाळाला लावायचे आणि ‘शुकर’ म्हणून रुमालात बांधायचे.

“आन मांडीखाली राहिलं तर, अम्मा?” नवी नवरी असताना मेहताबनं विचारलं होतं.

“ज्या घरचं पान अडलं, त्या घरी दुसऱ्या दिशी पयलं जायाचं,” बद्रुन्निसा म्हणाली. “दारात बांगड्यांचं बोचकं ठिवायचं आन पानी मागायचं. पानी मिळालं का पान सुटलं. पान्याला कोन न्हाई म्हनतंय?”

मेहताबचं माहेर शेवगावचं. पत्ते म्हणजे वाया गेलेल्या माणसांचं काम, असं ऐकत ती लहानाची मोठी झालेली. ही सासू काहीतरी अचाटच आहे, असं तिला पहिले सहा महिने वाटत राहिलं. एके दिवशी किलवरचा गुलाम उलटला. ते नेवाशाच्या वाटेवरच्या गावातल्या पाटलाचं घर. पाटलीणबाई एका बांगडीसाठी अर्धा दिवस घासाघीस करणारी, वर माल वाईट म्हणून चार घरी सांगणारी. मेहताबनं पान पाहिलं आणि सासूकडं पाहिलं. आता बघू म्हातारी काय बोलते!

बद्रुन्निसानं नाक खाजवलं, तंबाखूची चिमूट गालात सारली आणि म्हणाली, “किलवरचा गुलाम. पाटलाचं घर. त्यांचं कुत्रं मला अजून चावलं न्हाई.” आणि पान ओळीत लावून टाकलं.

त्या दिवशी दोघी इतक्या हसल्या की चांदभाई, म्हणजे मेहताबचा नवरा, आत निजला होता तो उठून बाहेर आला. तेव्हापासून मेहताब त्या डावाची झाली. घरात उर्दू आणि मराठीची खिचडी चालायची. डाव मात्र मराठीतच. ज्या भाषेत मिळालं त्याच भाषेत शुकर, असं अम्मांचं म्हणणं. पुढं अम्मा गेल्या. त्यांच्या मागं बोचकंही मेहताबकडं आलं आणि कॅटही.

आता बदामाच्या राणीचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

बदामाची राणी म्हणजे कडूबाईचं घर. मारुतीच्या देवळाकडून लिंबाकडं जाताना उजव्या हाताला, दारात तुळस असलेलं. कडूबाई आणि मेहताब एका वयाच्या, एकाच साली नांदायला आलेल्या. मेहताबला अलीम झाला आणि बाळंतपणात तिनं जो ताप धरला तो चार महिने सुटेना. अंगावरचं दूध आटलं. शेळीचं दूध पोराला पचेना. महिन्याभरापूर्वीच कडूबाईला बायडा झाली होती. बद्रुन्निसा नातवाला पदराखाली घेऊन तिच्या दारात गेली आणि काही न बोलता उभी राहिली. कडूबाईनं हात पुढं केले. तिची सासू झुंबरबाई चुलीपाशी होती. आता काय भडका उडतो, म्हणून बद्रुन्निसाचा जीव खालीवर. झुंबरबाईनं पोराकडं निरखून पाहिलं आणि खेकसली, “आदी त्येचं तोंड धू, मग पाज! काय शेंबूड त्यो!”

झालं. चार महिने, दिवसातून तीन वेळा अलीम तिथं जायचा. एका बाजूला बायडा, दुसऱ्या बाजूला अलीम. मेहताब उठून हिंडू-फिरू लागली तेव्हा पोर असं गुटगुटीत झालं होतं की तिला ते आपलं वाटेना. दुधाचं नातं म्हणजे काय, हे मनियारांच्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. ‘ती तुजी दूधआई हाय,’ हे अलीमला बोलता येण्याआधी ऐकून पाठ झालं होतं. त्या दिवसांत बदामाची राणी उलटली की मेहताबला एक सांगू की दहा, असं व्हायचं. दूध एक दिवस, दुसऱ्या दिवशी अलीमला शिवलेलं टोपडं, तिसऱ्या दिवशी नुसतं ‘तिनं मला हाक मारली’. कधी पान अडलं नाही.

आणि मग ते साल आलं. अम्मांना जाऊन दोन वर्षं झाली होती. कडूबाईचा नवरा रंगनाथ छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला. मेहताब गल्लीत आली तेव्हा कडूबाई तुळशीपाशी धुणं पिळत होती. दोन्ही हातांत एकेकच बांगडी, तीही विटल्यासारखी दिसणारी. घरात आजारपण, बांगड्यांकडं बघतो कोण?

“बस. हात दे,” मेहताब म्हणाली.

“आत्ता नगं गं. त्यास्नी जरा बरं वाटू दे.”

“त्यास्नी बरं वाटावं म्हनूनच. असं दुखनं घरात असताना सवाशिनीचे हात मोकळे असू ने. हिरव्या भरते.”

कडूबाई नको-नको म्हणत होती आणि मेहताबनं हात ओढून घेतला. माप सव्वादोनचं; तिला बघायची गरज नव्हती. बोरटेकातल्या बाया तिला तोंडांपेक्षा हातांनी जास्त ठाऊक. तळहात दाबून मऊ केला, अंगठा आत दुमडला आणि एकेक बांगडी अशी सरकवली की कडूबाईला कळलंही नाही. दोन्ही हातांत डझनडझन. शेवटची बांगडी भरतेय तोच आतून रंगनाथच्या खोकल्याची उबळ आली आणि कडूबाई तशीच उठून पळाली. बांगड्या भरल्यावर बाई मनियारणीला नमस्कार करते, तोही राहिला. मेहताबनं मनाला लावून घेतलं नाही. घाईत होतं असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथ गेला.

बांगड्या फोडल्या असं म्हणायचं नसतं, वाढवल्या म्हणायचं. मेहताबनं ते जन्मभर म्हटलं. पण गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तिनं आतून जो आवाज ऐकला तो फुटण्याचाच होता. चोवीस बांगड्या, काल भरलेल्या, कोऱ्या. बायांच्या घोळक्यातून कुणीतरी बोलून गेलं, “मनियारनीचा हात भारी पडला.” कोण बोललं, ते मेहताबनं वळून पाहिलं नाही. बोलणारी दुसऱ्या दिवशी विसरलीही असेल. मेहताब विसरली नाही.

तेव्हापासून त्या दारात जायचं कारणच उरलं नाही. झुंबरबाई वर्षाच्या आत गेली, बायडा लग्न होऊन शेवगावकडं नांदायला गेली, घरात कडूबाई एकटी. कपाळ पुसलेल्या बाईच्या दारात बांगड्यांचं बोचकं ठेवू नये, ही तर धंद्याची रीतच. मेहताब वेशीपासून ‘बांगड्याऽऽ’ म्हणून हाळी देत यायची, मारुतीशी यायची, आणि कडूबाईचं दार आलं की तोंड मिटायची. चार घरं पुढं, लिंबाखाली पोचलं की पुन्हा हाळी. रीत म्हणून हे बरोबर होतं. पण खरं कारण रीत नव्हतं, भीती होती. कधी ती दारात आलीच आणि म्हणाली, ‘तुज्या हातानं माजं कुंकू गेलं,’ तर मेहताबजवळ उत्तर नव्हतं. विहिरीवर कडूबाई दिसली की ती घागर अर्धी भरूनच परतायची.

आणि डावातही तिनं लबाडी केली. बदामाची राणी काढून तिनं सुपारीच्या डबीत ठेवली आणि एक्कावन्न पानांवर डाव लावू लागली. अम्मा असत्या तर कान उपटला असता. पण अम्मा नव्हत्या. चांदभाईच्या ध्यानात आलं होतं. त्या माणसाला सगळं ध्यानात यायचं आणि वेळेला एकही शब्द सुचायचा नाही. बारा वर्षं डाव रोज लागत होता, आणि रुमालाची गाठ मारताना मेहताबला रोज वाटायचं की आपण चूल न विझवता घराबाहेर पडलोय.

शेहेचाळीसच्या माघात अलीमचा सांगावा आला. लढाईच्या दिवसांत तो नगरला मोटारींचं काम शिकला होता, आता एका कारखान्यात कायम झाला होता, दोन खोल्या घेतल्या होत्या. चांदभाईच्या गुडघ्यांनी जवाब दिलेला, मेहताबच्या पाठीला बोचकं पेलेना. सोमवारी निघायचं ठरलं. संक्रांतीचा हंगाम नुकताच संपला होता, माल जवळजवळ खपला होता. नदीपलीकडच्या, टेकाडावरच्या आणि नेवाशाच्या वाटेवरच्या घरांचा निरोप घेऊन झाला. बाया रडल्या, कुणी हुरडा बांधून दिला, कुणी गूळ. पाटलीणबाईनं निरोपाच्या दिवशीसुद्धा बांगडीला चरा आहे म्हणून दोनदा परत केली, त्यामुळं किलवरच्या गुलामाचं काय सांगावं हा प्रश्न मेहताबला त्या दिवशीही पडलाच. कुत्रं मरून आठ वर्षं झाली होती.

शनिवारी दुपारी तिनं ओसरी झाडली आणि पत्ते काढले. या घरातला शेवटचा डाव. तो पुरता लागायला हवा, असं तिच्या मनानं घेतलं. पुरता म्हणजे बावन्न. तिनं सुपारीची डबी उघडली. राणीचा काठ इतर पानांहून सोनेरी राहिला होता, बारा वर्षं हात लागला नव्हता म्हणून. तिनं ती कॅटात मिसळली आणि पिसू लागली.

चार गावं ओसरीवर हळूहळू लागत गेली. इस्पिकची दुर्री: पुराच्या दिवशी रात्रभर ठेवून घेतलं. चौकटचा राजा: अम्मांच्या मयतीला सरपण पाठवलं. किलवरची सत्ती: नेहमी म्हणते, मेहताब, जरा सावलीत बस. तीस वर्षांत किती जणींच्या ओसऱ्यांवर ती बसली होती! कुणाच्या डोहाळजेवणाच्या बांगड्या, कुणाच्या हळदीच्या. आणि नंतर त्याच पोरींच्या पोरींच्या. हातांतून हात जात राहिले. ते सगळं आता इथंच ठेवून जायचं.

सगळ्यात शेवटी राणी आली. आता हा योगायोग की पिसण्यातलीच काही चलाखी, मेहताबच जाणे.

“बदामाची राणी,” ती म्हणाली. “कडूबाईचं घर.”

पुढं शब्द फुटेना. ‘दूध’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण दूध म्हणावं तर बांगड्या आठवत, आणि बांगड्या आठवल्या की तो आवाज. ज्या बाईनं आपलं पोर जगवलं तिला आपण काय दिलं? चांदभाई खांबाला टेकून सगळं पाहत होता. शेवटी मेहताबनं पान उचललं आणि डाव्या मांडीखाली सारलं.

“अडलं?” चांदभाईनं विचारलं.

“अडलं.”

“मग सकाळी जावं लागंल पयलं,” तो म्हणाला आणि गुडघे चोळू लागला. जन्मात एकदा त्याला वेळेवर शब्द सुचला होता.

रविवारी सकाळी तिनं सवयीनं बोचकं पाठीला लावलं, मग काढलं. अम्मांचा नियम म्हणतो, दारात बोचकं ठेव. धंद्याची रीत म्हणते, त्या दारात बोचकं नेऊ नको. मेहताब उंबऱ्यात चांगली घटकाभर उभी राहिली. शेवटी ते खुंटीला अडकवून, राणी तेवढी कनवटीला खोचून ती निघाली. तीस वर्षांत गल्लीतून मोकळ्या पाठीनं कधी चालली नव्हती. पाऊल धड पडेना.

कडूबाई अंगण सारवत होती. कोपरापर्यंत शेण. चाहूल लागली तशी तिनं मान वर केली.

“मेहताब?” ती म्हणाली. “बोचकं कुठंय?”

“न्हाई आनलं.”

“का? बरं न्हाई का?”

“पानी दे की जरा,” मेहताब म्हणाली.

कडूबाईनं हात धुतले, आतून तांब्या आणला. मेहताब तुळशीपाशी बसली आणि सगळा तांब्या संपवला. तहान मुळीच नव्हती.

“उद्या निगालो आमी. नगरला. अलीमकडं.”

“कळलं मला. कसंय माजं पोरगं?”

हे ‘माजं’ मेहताबच्या काळजात जाऊन बसलं. तिनं पदर तोंडाला लावला. कडूबाई ओलं पोतेरं हातात तसंच धरून तिच्यासमोर टेकली.

“एक सांगू? राग यील,” कडूबाई म्हणाली. “बारा वर्सं झाली. येशीपासनं तुजी हाळी आयकू येती. मारुतीपसवर येती. आन माज्या दारात आली का बंद. लिंबापाशी पुना चालू. मंग मी समजायची, गेली मेहताब.”

“तुला लागंल म्हनून गप व्हायची गं.”

“हाळीनं न्हाई लागत बाई. गप झालीस का लागायचं.”

आता मात्र मेहताबला राहवेना. जे बारा वर्षं गिळलं होतं ते एकदम बाहेर आलं. “कोन्या तोंडानं हाळी दिऊ? तू नगं-नगं म्हनत हुतीस आन म्या तुजा हात ओढला. हट्टानं भरल्या. आन दुसऱ्या दिशी... माजाच हात भारी पडला कडू. माज्या हातानं तुजं गेलं.”

कडूबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की मेहताबला वाटलं, आता उठवेल आपल्याला.

“येडी हायेस का खुळी?” कडूबाई म्हणाली. “त्ये तर सहा म्हैने मरत हुते. वैदू आधीच सांगून गेल्ता. तुज्या हातानं काय व्हतंय?”

तिनं मग पोतेरं बाजूला ठेवलं.

“आयक. त्या रातीला डोळं मिटलेलं हुतं त्यांचं. बोलनं बंद. सकाळी म्या कपाळावर हात ठिवला, तर बांगड्या वाजल्या. तर डोळं मिटल्यालेच, पन बोलले. म्हनले, ‘कडू, भरल्यास व्हय? वाजू दी जरा.’ मी दोनी हात हालवत बसले. अशी. वाजवत. त्ये आयकत हुते. तोंडावर लई बरं दिसत हुतं. वाजवता वाजवताच गेले.”

मेहताबचे डोळे कडूबाईच्या मोकळ्या मनगटांवर गेले.

“तू नसत्या भरल्यास, तर म्या काय वाजवलं असतं?” कडूबाई म्हणाली. “येकेक बांगडी हुती हातात. बारा वर्सं मला ह्ये तुला सांगायचं हुतं. पन तू थांबशील तवा ना! आन इहिरीवर दिसलीस का घागर टाकून पळायचीस.”

असं म्हणून ती उठली आणि वाकून मेहताबच्या पायाला हात लावला. मेहताब पाय मागं घेऊ लागली.

“त्या दिसाचा ऱ्हायलाय,” कडूबाई म्हणाली. “त्ये खोकले आन मी तशीच पळाले आत.”

मग मेहताबनं तिचा हात धरला. नुसता. तळहात दाबला, अंगठा आत दुमडला, जसं हजार वेळा केलं होतं तसं. सव्वादोनचं माप आता कुठलं राहायला. हाडं लागत होती, शेणाचा वास येत होता. दोघी रडल्या, आणि चांगल्या मोकळ्या रडल्या. मध्ये शेजारची म्हैस येऊन ओल्या सारवणावर उभी राहिली तरी कुणी उठलं नाही. निघताना मेहताबनं कनवटीचं पान काढून दाखवलं, डावाची सगळी हकिकत सांगितली. कडूबाईनं राणी उन्हाकडं धरून पाहिली.

“ही मी व्हय? बरी गोरी हाय की!” ती म्हणाली. “मंग आता काय म्हननार माज्या नावानं?”

“बदामाची राणी, कडूबाईचं घर,” मेहताब म्हणाली. “पानी पाजलं.”

दुधाचं काही ती बोलली नाही. ते दोघींना ठाऊक होतं. घरी येऊन तिनं राणी ओळीत लावली, पत्ते कपाळाला लावले आणि बारा वर्षांनी बावन्न पानांची गाठ मारली.

सोमवारी सकाळी रंगनाथच्या भावकीतल्याच एकाची बैलगाडी मिळाली. नेवाशापर्यंत गाडी, पुढं सर्व्हिस मोटार. चांदभाई भांड्यांच्या पोत्याला टेकून बसला, मेहताब मागं पाय सोडून. कापडात गुंडाळलेला कॅट तिच्या मांडीवर होता. गाडी वेशीकडून फिरून गल्लीत आली, मारुतीशी आली. चांदभाईनं हात जोडले. कडूबाईचं दार जवळ येऊ लागलं तसं मेहताबचं तोंड सवयीनं आपसूक मिटलं.

आणि मग, ऐन दारासमोर, तिनं छाती भरून हाळी दिली, “बांगड्याऽऽ! घ्या बांगड्याऽऽ!”

बैल बुजले. गाडीवान दचकून मागं वळला.

“अगं, कुठल्या बांगड्या?” चांदभाई ओरडला. “माल खपला ना सगळा!”

मेहताबनं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. तिनं आणखी एकदा हाळी दिली, पहिलीपेक्षा मोठी. कडूबाई धावत दारात आली. भाकरी थापत होती वाटतं, हाताला पीठ होतं. तिनं दोन्ही हात वर केले आणि हलवू लागली, बांगड्या वाजवताना हलवतात तसे. गाडी लिंबापाशी पोचली तरी ती दारातच होती आणि तिचे हात हलत होते.